चालायची चोरी

या गावात बाईमाणूस रस्त्याने पायी निघालं की मागून येणारी गाडी थांबते. काच खाली होते, एखादा म्हातारा किंवा म्हातारी मान बाहेर काढते आणि विचारते की तुम्ही ठीक आहात ना, कुठे सोडू का. सुरुवातीला मला वाटलं, किती भली माणसं. पुढे त्या भलेपणाचा असा वैताग आला की मागून टायरचा आवाज आला तरी मी शेताकडे तोंड करून उभी राहायला लागले. त्याने उलटच झालं. मक्याकडे बघत उभी असलेली म्हातारी दिसली की ते जास्तच घाबरायचे आणि गाडीतून खाली उतरायचे.

मी गाव म्हणते ते सवयीने. मुलगा म्हणतो, ही काउंटी आहे, आपल्याकडच्या तालुक्यासारखी. पण तालुक्याला बाजार असतो, एसटी स्टँड असतो, कचेरीपुढे माणसं ताटकळत बसलेली असतात. इथे मका आहे. मका संपला की सोयाबीन, ते संपलं की पुन्हा मका. मध्येच एखादं लाल विटांचं मोठं घर आणि त्या एवढ्या घरात एकटी म्हातारी नाहीतर एकटा म्हातारा. पोरं शहरात गेलेली, शेत दुसऱ्याला कसायला दिलेलं. शाळा मुलं नाहीत म्हणून बंद पडली, तिच्या वर्गांत आता कुणाचा तरी संसार आहे. एका चर्चमध्ये जुन्या खुर्च्या-टेबलं विकायला ठेवलीत. गावाच्या तोंडाशी पाटी आहे, तिच्यावर गावाचं नाव आणि माणसांचा आकडा. नाव मला वाचता येत नाही, आकडा येतो. आधी आम्ही टोरोंटोला, एटोबिको भागात राहायचो, तिथे आमच्या एका बिल्डिंगीत याहून जास्त माणसं राहत असतील.

त्या बिल्डिंगीतून आम्ही इथे आलो ते घरासाठी. टोरोंटोकडे कंडो, म्हणजे फ्लॅट, घ्यायचा तर दोन खोल्या आणि एक खिडकी. मुलगा आणि सून रोज जेवताना लॅपटॉप उघडून घरं बघायची, आणि दर आठवड्याला ती घरं शहरापासून लांब लांब सरकत गेली. शेवटी इथे येऊन थांबली. चार बेडरूम, खाली बेसमेंट, मागे गवताचं मैदान. पाणी स्वतःच्या बोअरचं, संडासाची टाकी स्वतःची. त्या टाकीची सुनेला एवढी धास्ती की डाळ धुतलेलं पाणी सिंकमध्ये ओततानाही ती माझ्याकडे बघते. मुलाला आठवड्यातून दोनदा किचनर नावाच्या शहरात ऑफिसला जावं लागतं, बाकी दिवस दोघं घरूनच काम करतात. कानाला हेडफोन लावून एक वरच्या खोलीत, एक खालच्या. नातीची शाळा लांब, ती पिवळ्या बसने जाते. सगळ्यांचं छान बसलं. माझं तेवढं राहिलं.

माझं म्हणजे काय, तर संध्याकाळचं चालणं. आमच्या गावाकडे मी कधी एकटी हिंडले नाही. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की चार दारांतून विचारणा व्हायची, कुठं निघालीस. एटोबिकोला आल्यावर पहिल्यांदा कळलं की असंही घराबाहेर पडता येतं. लिफ्टने खाली यायचं, फुटपाथने पार्कपर्यंत जायचं, बाकावर पंजाबी आणि गुजराती बायकांशेजारी बसायचं. त्या बोलायच्या, मी ऐकायचे. मला फार बोलता येत नाही, त्यांनाही ते चालायचं. मग परत. वाटेत कुणी विचारत नाही, कुणी ओळखत नाही. लोक म्हणतात, परदेशात आपल्याला कुणी विचारत नाही. मला तर त्याचंच सुख होतं. आणि इथे पुन्हा सगळा रस्ता विचारायला लागला.

रस्त्याला फुटपाथ नाही. कडेला खडी आहे, त्या खडीवरून मी चालते. घरातून निघून चौकापर्यंत जायचं, असं मी पहिल्याच आठवड्यात ठरवलं होतं. चौक म्हणजे दोन रस्ते एकमेकांना कापतात तेवढंच. कोपऱ्यावर जुनं कब्रस्तान आहे आणि त्याच्या भिंतीला बसण्याजोगा दगड आहे. गाडीतून जाताना तो दगड मी हेरून ठेवला होता. पण पायी तिथवर जाणं काही जमेना.

पिकअप ट्रक चालवणारा एक म्हातारा आहे, डोक्यावर बियाण्याच्या कंपनीची टोपी. त्याने पहिल्यांदा गाडी थांबवली तेव्हा नातीने शिकवलेलं वाक्य मी म्हटलं, आय ॲम ओके, जस्ट वॉकिंग. त्याने मान हलवली आणि दार उघडलं. आता दार उघडल्यावर नाही कसं म्हणायचं, ते मला सुचेना. माझा जीव संकोचाने अर्धा झालेला. बसले. त्याने विचारलं असावं, घर कोणतं. मी बोट दाखवलं. गाडी वळवून त्याने मला माझ्या दाराशी आणून सोडलं. मला घरातून निघून नीट घामही आला नव्हता. दुसऱ्या दिवशी तेच, फक्त गाडी वेगळी. एकदा शाळेच्या बसवालीने सोडलं, एकदा चर्चमधल्या दोन बायकांनी. मी निघायचे आणि लोक मला परत आणून ठेवायचे, जशी चुकून कुंपणाबाहेर गेलेली शेळी.

नात म्हणायची, "आजी, जस्ट से नो." तिला काय जातंय सांगायला.

सून दार उघडून हसून थँक्यू म्हणायची आणि दार लावल्यावर हसू काढून ठेवायची. एकदा तिने जेवताना सांगितलं, "आई, आज मी बॉसशी बोलत होते आणि मागे दारात एक माणूस तुम्हाला दंडाला धरून उभा. बॉस विचारतो, एव्हरीथिंग ओके? काय सांगू मी त्यांना?" मुलगा हसला. मग तिच्याकडे बघून हसायचा थांबला.

तरी चाललं असतं. पण एक दिवस एक अनोळखी बाई थांबली. तिने मला काही न विचारता बसवलं आणि माझं बोट दाखवणं न बघता सरळ गावात नेलं. नेलं ते थेट पेट्रोल पंपावर. पंप चालवणारं गुजराती जोडपं आहे. या भागात आपल्या रंगाची माणसं म्हणजे ते दोघं आणि आम्ही. त्या बाईने हिशेब केला असणार, सावळी म्हातारी, म्हणजे पंपवाल्यांचीच. मला त्यांच्या स्वाधीन करून, माझा हात दाबून ती निघून गेली. पंपवाली काउंटरमागून माझ्याकडे बघतच राहिली. मी तिच्याकडे. मग तिने मला स्टुलावर बसवलं, चहा केला आणि माझ्या मुलाला फोन लावला. तो पेट्रोल तिथेच भरतो, नंबर होता.

तो येईपर्यंत तिने सगळं विचारून घेतलं आणि पोट धरून हसली. म्हणाली, "मासी, यहाँ पैदल कौन चलता है? जिसकी गाडी बंद पडी वो, या जिसका दिमाग."

मी म्हटलं, मेरा दोनों ठीक है, गाडी तो है ही नहीं.

"तो कुत्ता रख लो," ती म्हणाली. "कुत्तेवाले को कोई नहीं पूछता."

मला तेव्हा ती चेष्टा वाटली. लहानपणी मळ्याच्या वाटेवर मला कुत्रं चावलं होतं, पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली होती. तेव्हापासून कुत्रं दिसलं की मी वाट बदलते.

मुलगा मीटिंग सोडून आला होता.  घरी आल्यावर बोलला. म्हणाला, आई, आता पुरे. उद्या कुणी आणखी कुठे नेऊन सोडलं तर? तुला पत्ता सांगता येत नाही. इथे ट्रक किती जोरात येतात. तू मागच्या यार्डात फेऱ्या मार.

"मी हरवले नव्हते," मी म्हटलं. "मला घर माहीत होतं."

"मला माहीत आहे गं. पण त्यांना कुठे माहीत आहे?" तो म्हणाला आणि विषय संपला. माझं रस्त्यावरचं चालणं बंद झालं ते असं. माझा काही गुन्हा नव्हता. लोकांना काळजी वाटते, एवढंच कारण.

यार्डात फेऱ्या मारल्या. घाण्याचा बैल तरी तेल काढतो. मुलाने मग कुणाची तरी वापरलेली ट्रेडमिल आणली आणि बेसमेंटमध्ये लावली. समोर घर गरम करायची भट्टी आणि पाणी उपसायचा पंप. मी चालते, पट्टा मागे जातो, भट्टी जागच्या जागी. सून मायेने म्हणाली, "आई, इथे पंखा पण लावून देते." मी हो म्हटलं. मला भांडता येत नाही. मी भांडी जोरात ठेवते, घरात सगळ्यांना ते कळतं.

उन्हाळ्याच्या शेवटी इथे दारोदार झुकिनी फिरतात. दिसायला काकडीसारख्या, चवीला कशासारख्याच नाहीत. ज्याच्या परसात पिकतात तो दुसऱ्याच्या दारात ठेवून पळतो. शेजारची म्हातारी तशीच टोपलीभर घेऊन आली. शेजारची म्हणजे एक अख्खं शेत ओलांडून. लाल विटांच्या घरात ती एकटी असते, खुब्याचं दुखणं आहे. रस्त्याकडेच्या पत्रपेटीपर्यंतसुद्धा ती गाडीने जाते. या घरातून त्या फाटकापर्यंत गाडी, आणि वेडी मी! गाडीत मागे तिचं काळं कुत्रं बसलेलं होतं. म्हातारं आणि इतकं जाडं, की त्याला मान होती असं म्हणायला जागा नव्हती.

सून बाहेर आली, मुलगा आला, नात आली. म्हातारी इंग्रजीत बराच वेळ तक्रारीच्या सुरात बोलली. मी दाराआड उभी होते. मला बघून नात सांगायला लागली, "आजी, हिचा डॉग खूप फॅट आहे. त्याच्या डॉक्टरने सांगितलंय, रोज वॉकला न्या. पण हिला चालता येत नाही. नेणारं कुणी नाही."

माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. म्हणजे कुत्र्याला चालायचं औषध देतात आणि मला ट्रेडमिल. मी दाराआडून बाहेर आले.

"मी नेते," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलगा म्हणाला, "आई, तू? तू तर कुत्रं दिसलं की लपतेस."

"मी नेते. सांग तिला."

सुनेने हसू दाबलं. "आई, त्याची घाण पिशवीत उचलावी लागते हं. आपल्या हातांनी."

"तुझ्या नवऱ्याची काढलीच की इतकी वर्षं," मी म्हटलं. नातीने हे सगळं त्या म्हातारीला सांगितलं असावं, कारण ती गाडीला टेकून एवढी हसली की कुत्रं भुंकलं. मी गाडीतल्या कुत्र्याकडे बघायचं टाळलं. पण शब्द तोंडातून गेला होता आणि मुलाला नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. शेजारधर्म होता ना तो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोरीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ते. मी त्याच्यापासून जमेल तितकी लांब आणि ते माझ्याकडे न बघता पुढे, धापा टाकत. मागून गाडी आली. मी अंग चोरलं. गाडी हळू झाली, आतल्या बाईने रामराम केल्यासारखी स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली आणि ती निघून गेली. दुसरी आली, तिनेही बोटं उचलली. तीच मी, तोच रस्ता, तेच साडीवरचं जाकीट. त्या दिवसापर्यंत मी हरवलेली होते. आता मी कामाला निघालेली बाई झाले होते.

धान्याच्या पत्र्याच्या कोठारापाशी कुत्रं बसलं. बसलं ते उठेना. मी दोरी ओढली, मराठीत समजावलं, हिंदीत रागावले. त्याने जीभ बाहेर काढून डोळे मिटले. तेवढ्यात टोपीवाल्या म्हाताऱ्याचा ट्रक थांबला. मला वाटलं, झालं, आता पुन्हा घर. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्याने कुत्र्याला नावाने हाक मारली, खाली बसून त्याचे पंजे बघितले, कान खाजवले. दोरी गळ्यातून सोडवून माझ्या हातात दिली, कुत्र्याला दोन्ही हातांनी उचलून सीटवर ठेवलं. मग माझ्यासाठी दार धरून उभा राहिला.

मी दोरी वर करून दाखवली आणि चौकाकडे बोट केलं. "नो. थँक्यू," मी म्हटलं. आवाज माझाच होता.

त्याने एकदा दोरीकडे बघितलं, मान हलवली आणि कुत्र्याला घेऊन गेला.

मी चालायला लागले. हातात नुसती दोरी. एका गाडीतल्या बाईने दोरी बघितली, मग कुत्रं मक्यात शिरलं असेल असं वाटून ती तिकडे बघत हसली आणि गेली. चौक आला. कब्रस्तानाच्या भिंतीच्या दगडावर मी बसले. घामाने पाठ ओली झाली होती. समोर चारी बाजूंना रस्ता रिकामा. मनात आलं तेवढा वेळ बसले आणि पायीच परत आले.

सून दारातच उभी होती. माझ्या हाताकडे बघून तिचा चेहरा उतरला. "आई, कुत्रं कुठंय?"

"ते केव्हाच घरी पोचलं. गाडीतून."

"आणि तुम्ही?"

मी चपला काढल्या आणि दोरी दारामागच्या खिळ्याला अडकवली. म्हटलं, "मी चालत आले."