तिसऱ्या दिवशीचं दूध

खरवस मी खात नाही. लोकांना वाटतं काहीतरी नवस-बिवस असेल. नवस कसला डोंबलाचा! राग आहे तो, आणि मी तो चांगला सांभाळून ठेवलाय.

माझं सासर कसबा बावड्याचं. नवरा साखर कारखान्यात, घरामागं गोठा, गोठ्यात दोन म्हशी आणि सगळ्यांवर सत्ता सासूबाईंची. त्यांना मी आत्ती म्हणायची, आमच्याकडं तसंच म्हणतात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझी आई लग्नाआधीच गेलेली. त्यामुळं नव्वदच्या सुमाराला शहरातल्या एका दवाखान्यात मला मुलगी झाली तेव्हा उशाशी आत्तीच बसल्या होत्या.

नर्स सांगून गेली की बाळाला लगेच छातीशी धरा, पहिलं घट्ट पिवळं दूध म्हणजे चीक, तो वाया घालवू नका. तिची पाठ वळली तशी आत्तींनी माझा पदर बाजूला सारला, छाती दाबून दाबून तो चीक एका वाटीत काढला, बेसिनमध्ये ओतला आणि वर तांब्याभर पाणी सोडलं. मी टाके पडलेली, उठायचीही सोय नाही. नर्सबाई काय म्हणाल्या ते मी सांगून बघितलं.

"घाण असतंय ते," आत्ती म्हणाल्या. "पोरीला बाधंल. तिसऱ्या दिशी पाज."

लेकीला मधाचं बोट चाटवलं, कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी पाजलं. ती तोंड उघडून इकडंतिकडं शोधायची आणि काही सापडलं नाही की टाहो फोडायची. माझ्यापासून वीतभर अंतरावर. मी हात पुढं केला की आत्ती तिला उचलून व्हरांड्यात घेऊन जायच्या.

दुसऱ्या दिवशी घरी आलो आणि त्याच दिवशी गोठ्यातली म्हैस व्याली. काय तिचा थाट! आत्ती स्वतः धार काढायला बसल्या. रेडकाला चार घोट सोडले, बाकीचा चीक पातेल्यात. गूळ, वेलदोडा, वरनं जायफळ. खरवसाच्या वाट्या गल्लीभर गेल्या. एक माझ्या खाटेवरही आली, खा म्हणे, ताकद येईल. मी म्हटलं, हा पण चीकच की. तर म्हशीचं वेगळं आणि बाईचं वेगळं, असं उत्तर. म्हणजे बघा, अख्ख्या गल्लीला चीक पचत होता, रेडकाला पचत होता, फक्त माझ्या लेकीला बाधणार होता. वाटी मी तशीच खाटेखाली सरकवली.

तिसऱ्या दिवशी माझी छाती दगड झाली. अंगात ताप. आत्तींनी पोर आणून मांडीवर ठेवली, पाज आता म्हणाल्या. पण छाती इतकी ताठलेली की तिला तोंडात धरताच येईना. ती रडायची, मी रडायची. संध्याकाळपर्यंत आत्तींनी सगळीकडं सांगून टाकलं की सुनेला दूधच नाही. पावडरचा डबा आला, बाटली आली. नवरा आईपुढं मान वर न करणारा, त्यानंच आणून दिली.

ती बाटली बघितली आणि माझं डोकंच फिरलं. माझं दूध ओतून टाकायचं आणि वर माझ्याच नावानं बोंब मारायची? मी दाराला आतून कडी घातली. गरम पाण्यात पंचा पिळून छाती शेकली, ओठ चावत हातानं थोडं थोडं दूध काढलं. जरा मऊ पडलं तसं लेकीनं मोठा आ करायची वाट बघून तिला जवळ ओढलं. सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. बाहेर आत्ती दार बडवत होत्या, बडवू दे म्हटलं. आणि मग ती लागली. तिच्या घशातनं गटागट आवाज यायला लागला. लोक म्हणतात मायेनं पान्हा फुटतो. मला तर संतापानं फुटला, खरं सांगते. बाटली मी दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला दिली, आत्तींच्या देखत.

एवढ्यानं माझं समाधान होणार नव्हतं. पुढं गुडघे धरले म्हणून आत्तींनी गोठा माझ्या ताब्यात दिला, तिथंच त्या चुकल्या. म्हैस व्याली की मी रेडकाला पोटभर पाजायची, उरलेला चीक आत्तींच्या समोर मोरीत ओतायची आणि वर तांब्याभर पाणी. पहिल्यांदा त्यांनी घर डोक्यावर घेतलं. मी म्हटलं, घाण असतंय ते, बाधंल. नंतर नंतर त्यांनी बोलणं सोडलं, पण म्हैस व्यायला झाली की गोठ्याच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. बरं वाटायचं मला. फार बरं वाटायचं.

लेक पाचवीत गेली तोवर आत्तींचे दात पडले होते, अंथरूण धरलं होतं. त्या साली म्हैस व्याली तेव्हा त्यांनी मला बोलावून हात धरला आणि एकदा तरी खरवस कर म्हणाल्या.

मी केला. गूळ, वेलदोडा, जायफळ, कशात काही कमी केलं नाही. आत्तींच्या खाटेशेजारी लेकीला बसवलं आणि ताटली तिच्यापुढं ठेवली. जिचं राहिलं होतं तिला आधी. पण लेक गुणाची. दोन घास खाल्ले आणि तिसरा चमचा तिनं आजीच्या तोंडाशी नेला. आत्तींनी तोंड उघडलं. मी तिचा हात मधेच धरला.

"आजीला बाधंल," मी म्हटलं. "तिसऱ्या दिशी दे."

आत्तींनी तोंड मिटलं. त्यांना समजलं. लेकीला नाही समजलं. उरलेला खरवस मी गल्लीत वाटून टाकला, घरात कण ठेवला नाही.

तिसऱ्या दिवशी आठवणीनं वाटी भरून नेली. तोवर चीक संपून म्हैस साध्या दुधावर आली होती, तेच कोमट करून नेलं. आत्तींनी वाटीत बघितलं. मग भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "लई रडली व्हती न्हवं, पोर?"

"व्हय," मी म्हटलं. "दूध प्या आत्ती, निवतंय."