बिघडलेली प्रत फेकू नका

निवृत्त होताना चार्ज द्यावा लागतो. कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, डेडस्टॉक रजिस्टर, सगळं मी सह्या घेऊन सुपूर्द केलं. किस्से मात्र कुठल्याच यादीत नव्हते. ते माझ्याकडेच राहिले आणि कोणी मागायलाही येत नाही!

अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स विभागाचा मी हेडक्लार्क होतो. विभागप्रमुख गावंडे सर. त्यांच्याकडे पीएच.डी. करणारी रुबिना, अकोल्याची. आणि लॅब अटेंडंट सुखदेव, जो स्वतःला विभागातला तिसरा शास्त्रज्ञ समजे.

* * *

इतकी वर्षं सरांचे रजेचे अर्ज पुढे पाठवले, पण ते करतात काय हे विचारायचं राहून गेलं होतं. एकदा विचारलं.

तेवढ्यात विद्यापीठात गेलेल्या सुखदेवने तिथल्या एका पत्राचे तीन फोटो पाठवले. पहिल्यावर त्याचा अंगठा, दुसरा हललेला, तिसऱ्यावर ट्यूबलाइटची चकाकी. मी म्हणालो, "डिलीट करतो. परत काढायला सांगतो."

"थांबा!" सर ओरडले. तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. अंगठ्याखालचं तिसऱ्यातून, चकाकीखालचं पहिल्यातून, असं करत त्यांनी अख्खं पत्र वाचून दाखवलं.

"हेच करतो," ते म्हणाले. "हवेतून निरोप येतो आणि वाटेत बिघडतो. साधा रेडिओ बिघडलेली प्रत फेकून देतो आणि नवी मागतो. मोबाइलचे टॉवर ती ठेवून घेतात, नव्या प्रतीशी जुळवतात. रुबिनाला तेच शेतातलं तापमान कळवणाऱ्या स्वस्त रेडिओत, चिमूटभर मेमरीत बसवायचंय."

मी थक्क झालो. पत्र माझ्याच नावाचं होतं, अहवाल उशिरा पाठवल्याबद्दल. अंगठ्याखालीच राहिलं असतं तर बरं झालं असतं!

* * *

प्रती जुळवायच्या तर नुसतं हो-नाही चालत नाही, खात्री किती तेही लागतं. म्हणून सरांनी लॅबमध्ये नियमच काढला, उत्तर आण्यांत द्यायचं. सोळा आणे म्हणजे पक्कं.

एकदा प्राचार्य आले. "गावंडे आहेत का?"

"बारा आणे," सुखदेव म्हणाला.

"म्हणजे?"

"चपला हायेत, गाडी नाई."

प्राचार्यांनी मला मेमो काढायला लावला. मेमो मिळाला आणि समजला, अशी सही सुखदेवला करायची होती. 'समजला'च्या पुढे त्याने लिहिलं, 'चार आणे'!

* * *

पीएच.डी.च्या समितीने रुबिनाला बजावलं होतं, "कॉम्प्युटरवरचे आलेख पुरे झाले. प्रत्यक्ष चालवून दाखवा." तिची वाढीव मुदतही त्याच वर्षी संपत होती. जमलं नाही तर पाच वर्षांचं काम पाण्यात.

चांदूर बाजारजवळची एक संत्र्याची बाग मिळाली. दाट पानांतून सिग्नल जाता जात नसे, म्हणजे परीक्षेला उत्तम. बागेचे मालक काकाजी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून सगळं न्याहाळत.

"काहून वं पोरी, तुही पेटी तेच तेच सांगून राहिली?"

"समोरच्या पेटीले ऐकू येत नाही ना, काकाजी."

"मंग तेच कायले सांगतं? माही बुढी आयकत नाई, तं मी दुसऱ्या तऱ्हेनं सांगतो. अर्धं तिले आंधी समजलेलं असते, अर्धं आता समजते."

रुबिनाने तिथेच वही काढली. पुढच्या खेपेला तीच प्रत न पाठवता पडताळणीचा वेगळा तुकडा पाठवायचा, हे पुस्तकांत होतंच. पण केव्हा आणि किती वेगळा, याचा तिचा हिशेब त्या धुऱ्यावर सुरू झाला. प्रबंधात काकाजींचे आभार मानले आहेत. बुढीचे नाहीत, त्यावरून घरात अजून धुसफूस चालू आहे!

* * *

एका सोमवारी लॅबच्या पडद्यावर बागेचं तापमान आलं: एक्याण्णव अंश. खात्री, पूर्ण.

"संत्री झाडावरच उकळून राहिली!" सुखदेव म्हणाला.

रुबिनाने शोधून काढलं. शनिवारच्या निरोपाची बिघडलेली प्रत मेमरीत पडून होती आणि यंत्राने ती सोमवारच्या निरोपाशी जुळवली होती. दोन निरोपांची खिचडी, आणि ती ठामपणे वाढलेली!

मी वडीलकीचा सल्ला दिला, "हे प्रबंधात नको. कोणाला कळतंय?"

"बडेबाबू, मला कळलं ना," ती म्हणाली.

आम्ही क्लार्क लोक चुकीवर पांढरी शाई लावतो. तिने चुकीवर अख्खं प्रकरण लिहिलं! आणि यंत्रालाही शिकवलं: खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं.

* * *

शेवटी पुण्याचे परीक्षक बागेत आले. मोजकं बोलणारे गृहस्थ. अट अशी, की सहा निरोप ते स्वतः टाइप करणार, प्रत्येकाला जास्तीत जास्त चार प्रती, आणि सहाच्या सहा पोचले पाहिजेत. पलीकडच्या टोकाला निरोप भरून, चिठ्ठ्या खिशात घालून ते आमच्या बाजूला आले. मी अहवालाचा फॉर्म घेऊन उभा.

पाच निरोप अचूक आले. शेजारी ठेवलेला साधा रेडिओ दोनावरच बसला होता. सहाव्याच्या वेळी वारा सुटला. पहिली प्रत गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. चौथीनंतर पडद्यावर उमटलं, 'आज बागेत पाणी', आणि पुढे प्रश्नचिन्ह.

"सोडा असंन!" काकाजी म्हणाले. "सांगून टाक ना पोरी! पान्याचं दुसरं काय करतेत?"

खरं सांगतो, मीही मनातल्या मनात 'सोडा'च म्हणत होतो.

परीक्षकांनी विचारलं, "पुढे काय आहे?"

"माहीत नाही, सर."

"अंदाज?"

"अंदाज तर सगळ्यांचाच आहे, सर. चार प्रतींत आला नाही, असं लिहा."

गावंडे सरांनी डोळे मिटून घेतले. काकाजींना मात्र हे सहन होईना. "हॅत्! मी सोडूनच दाखोतो!" म्हणत त्यांनी विहिरीकडे हाक दिली, "लाव रे मोटर!" मोटर सुरू झाली.

परीक्षकांनी खिशातून सहावी चिठ्ठी काढून रुबिनाच्या हातात दिली. माझ्याकडून फॉर्म घेतला, संत्र्याच्या बुंध्यावर टेकवला आणि 'पात्र' लिहून सही ठोकली.

काकाजींनी रुबिनाच्या खांद्यावरून चिठ्ठीतले 'पाणी'पुढचे दोन शब्द वाचले आणि धोतर सावरत विहिरीकडे पळत सुटले.

"अबे, बंद कर! बंद कर मोटर!"