नऊ मजले, न थांबता

लोकांना वर-खाली नेण्याची सोय करणाऱ्याला स्वतः मात्र जिना चढावा लागतो, हा लिफ्टच्या धंद्यातला जुना विनोद आहे. लिफ्ट धडधाकट असेपर्यंत मिस्त्रीला कोण विचारतं? बंद पडली की बोलावणं येतं, आणि तिचं यंत्र असतं थेट गच्चीवर. आपले मिस्त्री अठ्ठावीस वर्षं हेच करत आले होते. तरुणपणी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून ते एकाआड एक पायऱ्या टाकत वर जात. त्रेपन्नाव्या वर्षी मात्र त्यांनी एक युक्ती काढली होती. शेजारच्या विंगच्या लिफ्टनं वर जायचं आणि गच्चीवरून इकडे यायचं. जिथे दुसरी विंग नसेल तिथे ‘आधी खालचं बघून घेतो’ म्हणत तळमजल्यावर रेंगाळायचं, आणि मग कठड्याला धरून एकेक मजला गाठायचा.

पोट सुटलं होतं, पण पोटाचं त्यांना फारसं काही नव्हतं. धास्ती होती छातीची. मिस्त्रींचे वडील पोस्टमन होते. रोज मैलोन्‌मैल पायपीट, अंगावर चिमूटभर चरबी नाही. चोपन्नाव्या वर्षी एका सकाळी बाकावर बसून बूट घालता घालता ते कलंडले, ते उठलेच नाहीत. एका बुटाची नाडी बांधलेली, दुसऱ्याची सुटी. मिस्त्री तेव्हा एकवीस वर्षांचे होते. माणसं गोळा व्हायच्या आत ती सुटी नाडी त्यांनी गुपचूप बांधून टाकली होती. का, ते त्यांना आजही सांगता आलं नसतं.

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एक गणित पक्कं बसलं. बाबा एवढे चालले, काय उपयोग झाला? कोणी व्यायामाचं नाव काढलं की हे उत्तर तयार असे. समोरचा गप्प व्हायचा. पण त्या उत्तरानं मिस्त्रींचं स्वतःचं समाधान झालं असतं तर ते निवांत असते, आणि निवांत तर ते कधीच नव्हते. दिवसातून दहादा मनगटावर दोन बोटं ठेवून ते ठोके मोजत. बसथांब्यावर, जेवताना, टीव्ही बघताना. छाती धडधडेल असं काहीही करायचं नाही, आणि न करता करता ती आणखी थोडक्या श्रमानं धडधडायला लागली, की आणखी घाबरायचं.

“नाडीपरीक्षा आटोपली असेल तर वाढू का?” बायको विचारायची. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून तिचे कान तयार झाले होते. “एकदा डॉक्टरकडे जाऊन या म्हटलं तर जात नाही. बोटांना काय कळतं?”

मिस्त्री ताट पुढे ओढत. डॉक्टरकडे गेलं आणि काही निघालं तर?

मग ती दुपार आली. दहा मजली जुनी इमारत, एकच लिफ्ट, शेजारी विंग नाही. लिफ्ट आठव्या आणि नवव्याच्या मध्ये अडकली होती. आत एक बाई होत्या, एकट्या. नवव्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका. वॉचमन दारातच उभा होता.

“लवकर जा हो मिस्त्री. आतला दिवापण गेलाय. मघाशी दार बडवत होत्या, आता बडवतपण नाहीत.”

मिस्त्रींनी लिफ्टची वीज तोडली आणि ते निघाले. पहिले तीन मजले भीतीच्या भरात चढले. चौथ्यावर घसा कोरडा पडला. पाचव्यावर कानांत ठोके ऐकू यायला लागले. सहाव्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि ते मटकन पायरीवर बसले. शर्ट पाठीला चिकटला होता. बोटं मनगटावर गेली, पण ठोके इतके भरभर पडत होते की मोजताच येईनात. झालं, त्यांना वाटलं. बाबांच्याही आधीच. आणि तेही जिन्यात, कोणाच्या तरी दारासमोरच्या पायपुसण्यावर पाय ठेवून.

फोन वाजला. वॉचमन होता. “पोचलात का?”

“मशीनरूममध्येच आहे,” मिस्त्री म्हणाले. “काम चालू आहे.”

कामाच्या बाबतीत इतकं सरळसोट खोटं ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलले. बारा मिनिटं ते तिथे बसून होते. मरण काही आलं नाही. मग भिंत धरत, प्रत्येक वळणावर थांबत ते गच्चीवर पोचले. एका हातानं ब्रेकची दांडी दाबून दुसऱ्यानं मोठं चाक फिरवलं. आत एकच माणूस असलं की दोराच्या पलीकडच्या टोकाचं वजन भारी ठरतं आणि डबा आपसूक वर सरकतो, त्यामुळे पुढचं काम सोपं होतं. डबा नवव्याच्या पातळीला आणून ते खाली उतरले आणि किल्लीनं दार उघडलं.

बाई कोपऱ्यात जमिनीवर बसल्या होत्या, मांडीवर सामानाची पिशवी घट्ट धरून. चेहरा पांढराफटक. मिस्त्रींनी हात पुढे केला, पण त्यांनी तो लगेच धरला नाही.

“तुम्ही सहाव्यावर थांबलात,” त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी किल्ली खिशात टाकली.

“मी तुमची पावलं मोजत होते. अंधारात दुसरं काय करणार? सहाव्या मजल्यावर पावलं बंद झाली. मला वाटलं, तुम्ही परत गेलात.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. तक्रारवहीत त्यांनी काही लिहिलंही नाही. लिहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मिस्त्रींना पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

दुसऱ्याच दिवशी ते आपण होऊन डॉक्टरकडे गेले. बायकोनं कपाळावर आठी घालून त्यांच्याकडे पाहिलं, पण सुट्टी टाकून ती बरोबर आली. रक्त तपासलं, छातीला तारा लावून सरकत्या पट्ट्यावर चालवलं. पट्ट्यावर मिस्त्रींनी तीनदा ‘थांबवा’ म्हटलं आणि तीनदा तंत्रज्ञ बाईनं ‘काही होत नाहीये, चाला’ म्हटलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी कागद चाळले.

“रक्तदाब थोडा वर आहे. हृदयाला आज तरी काही झालेलं नाही. दम लागतो तो सवय नाही म्हणून. चालायला लागा. जिना चढा, पण हळूहळू वाढवा. छातीत दुखलं तर मात्र थांबायचं आणि लगेच इकडे यायचं.”

“चालायचं म्हणजे, आठवड्यातून किती दिवस?”

“आधी एक दिवस जाऊन दाखवा,” बायको म्हणाली.

मिस्त्रींनी नवे बूट आणले. सोमवारी बागेत तीन फेऱ्या मारल्या. मंगळवारी बायको बरोबर आली, ती पुढे निघून गेली, आणि घरी येईपर्यंत दोघं बोलत नव्हते. बुधवारी दोन फेऱ्या. गुरुवारी दुसऱ्या फेरीत छातीत काहीतरी फडफडल्यासारखं झालं आणि ते बाकावर बसले. शुक्रवारी पाय मुरगळला असं सांगितलं. पुढच्या सोमवारी पहिले पाढे पंचावन्न. बूट दारामागे गेले. ‘हृदयाला आज तरी काही नाही’ यातला ‘आज तरी’ तेवढा त्यांनी जपून ठेवला होता.

महिन्याभरानं त्या इमारतीची नेहमीची तपासणी आली. मिस्त्री तेल घालत असताना वॉचमननं सहज सांगितलं, “नवव्यावरच्या बाई त्या दिवसापासून लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाहीत. गुडघे दुखतात, जिना झेपत नाही. घरातच असतात. सामान शेजारीण आणून देते.”

मिस्त्रींच्या हातातली तेलाची बाटली तशीच राहिली. काम संपवून ते नवव्या मजल्यावर गेले, लिफ्टनंच, आणि बेल दाबली. बाईंनी दार उघडलं. आत टेबलावर जुनी वर्तमानपत्रं, त्यांवर अर्धवट सोडवलेली कोडी.

“बाई, लिफ्ट मी पूर्ण तपासलीय. दाराचं कुलूप नवं बसवलंय. आता काही होणार नाही.”

“लिफ्टची भीती नाही मला,” बाई म्हणाल्या. “यंत्र आहे, पुन्हा अडकेल. अडकल्यावर वर येणारा माणूस पुन्हा सहाव्यावर बसला तर, ही भीती आहे.”

मिस्त्रींना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि मग, कधी कोणाला पुरतं नव्हतं सांगितलं ते तिथे दारात उभ्याउभ्या सांगून गेले. पोस्टमन वडील, चोपन्नावं वर्ष, बूट घालता घालता.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “मग तुम्ही चपला घालत जा,” त्या म्हणाल्या.

मिस्त्रींना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

“डॉक्टरनं काय सांगितलंय?” बाईंनी विचारलं.

“जिना चढा म्हणाल्या. हळूहळू वाढवा.”

“मग असं करू. ज्या दिवशी तुम्ही तळापासून माझ्या दारापर्यंत न थांबता चढाल, त्या दिवशी मी लिफ्टमध्ये बसेन. वेळ किती लागेल तो लागू दे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी साडेसातला. मी इथे वर उभी असेन.”

ती इमारत मिस्त्रींच्या कामाच्या वाटेवरच होती. पहिल्या मंगळवारी ते चौथ्यावर थांबले. वरून बाईंचा आवाज आला, “चार. परवा या.” बस, तेवढंच. शाबासकी नाही, समजूत नाही. गुरुवारी चार. शनिवारी पाच. प्रत्येक वेळी निघताना मिस्त्रींचे तळहात घामेजायचे. छाती धडधडली की पाय जागीच खिळायचे, आणि त्यांना वाटायचं, आता. पण वर कोणीतरी गुडघ्यांच्या दुखण्यासकट उभं आहे, हे डोक्यातून जायचं नाही. बागेत असं कोणी उभं नव्हतं. तिथे न जाण्यानं कोणाचं काही अडत नव्हतं.

एका आठवड्यात तर ते गेलेच नाहीत. छातीत कळ आली होती. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासून पित्त असल्याचं सांगितलं, तरी त्यांनी हातपाय गाळले. शनिवारी दुपारी फोन आला.

“तीन दिवस गैरहजर,” बाई म्हणाल्या. “कारण?”

“पित्त.”

“प्रत्येक वर्गात असतं एकाला. मंगळवारी या.”

बायकोनं हा संवाद ऐकला होता. “मी इतकी वर्षं सांगतेय ते काही नाही,” ती म्हणाली, “आणि बाईंनी एकदा हजेरी घेतली तर नवरा सुतासारखा सरळ.” पण मंगळवारी सकाळी बूट दारापुढे पुसून ठेवलेले होते.

अकराव्या आठवड्यात, एका गुरुवारी, ते सहाव्यावर थांबले नाहीत. सातव्यावर कठडा धरला, पण पाऊल चालू ठेवलं. आठव्यावर ठोके कानांत वाजत होते आणि भीती अगदी बाजूनं चालत होती, पहिल्या दिवशी होती तेवढीच. ते इतके सावकाश चढत होते की खालून निघालेली एखादी मुंगीही पुढे गेली असती. नवव्यावर पोचले तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पिशवी आधीच हातात घेतली होती.

“चला,” त्या म्हणाल्या. पण लिफ्टचं दार उघडलं आणि त्या उंबऱ्याशीच थांबल्या.

“आज नको असेल तर शनिवारी,” मिस्त्री धापा टाकत म्हणाले.

“नाही. शब्द म्हणजे शब्द.”

दोघं आत गेले. दार लागलं तशी बाईंनी मिस्त्रींच्या हत्यारांच्या पिशवीचा पट्टा मुठीत धरला आणि डोळे मिटून घेतले. मिस्त्रींचीही छाती अजून धडधडत होती. कोण कोणाला धीर देतंय ते सांगता आलं नसतं. तळमजला आला. वॉचमन उठून उभा राहिला. बाईंनी पट्टा सोडला, पदर सारखा केला आणि फाटकाबाहेर पडून कोपऱ्यावरच्या दुकानाच्या दिशेनं चालायला लागल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. तो दिलासा जेमतेम शनिवारपर्यंत टिकला. शनिवारी सकाळी जाग आली तेव्हा कोणी वाट बघत नव्हतं. करार संपला होता. ते अंथरुणात पडून राहिले, आणि बोटं आपोआप मनगटावर गेली. मंगळवारीही तेच. चोपन्नावा वाढदिवस तीन आठवड्यांवर होता.

गुरुवारी त्यांनी बूट घातले. बायकोला ‘लवकर काम आहे’ म्हणाले. तिनं पाण्याची बाटली पिशवीत टाकली. साडेसातला ते त्या इमारतीत शिरले. वॉचमन नळावर तोंड धूत होता, त्याला न सांगताच ते पहिली पायरी चढले. छाती धडधडायला लागली, आणि या वेळी वरून आकडा सांगणारं कोणी नव्हतं. पाचव्यावर परत फिरावंसं वाटलं. ते फिरले नाहीत.

सातव्या मजल्यावर एक गृहस्थ ऑफिसला निघाले होते. मिस्त्रींना घामाघूम होऊन जिना चढताना बघून ते दचकले.

“अरेरे, लिफ्ट बंद पडली वाटतं?”

“नाही. चालू आहे.”

“मग तुम्ही जिन्यानं?”

मिस्त्रींनी मान हलवली. बोलायला दम उरला नव्हता, आणि अजून दोन मजले बाकी होते.