सलीमभाईंचे डोळे चांगले आहेत

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. सलीमभाईंना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतोय — आणि तरीही बघा, मुद्द्यावर यायला जीभ रेटत नाही.

अकोल्यात आमचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. मी कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवतो, सलीमभाई रंग ठरवतात — म्हणजे ठरवायचे. छपाई दुसऱ्याच्या प्रेसवर. सलीमभाई माझे भागीदार, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, आणि रंगाच्या बाबतीत बाजारात त्यांचा शब्द शेवटचा. माझ्या खुर्चीच्या डाव्या अंगाला उभे राहायचे, तोंडात पान, आणि म्हणायचे, "कमी कर. अजून. बस." खुर्चीत बसून त्यांनी रंग कधी पाहिला नाही. आधी एक नमुना छापून प्रूफ काढायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. सलीमभाईंचा डोळा, तेच प्रूफ.

आता दुसरी गोष्ट. मी तेव्हा कॉम्प्युटरवर गेम खेळायचो. हसा, हसून घ्या. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, दोन पोरींचा बाप. दुपारी सलीमभाई जेवायला घरी गेले की शटर अर्धं पाडायचं आणि मोटारींच्या शर्यती लावायच्या. दारू पितो म्हटलं असतं तर लोकांनी समजून घेतलं असतं. पण गेम? ह्या वयात?

आमचा जुना डबा मॉनिटर मेला, तेव्हा आम्ही दोघं अमरावतीला गेलो. राजापेठेतल्या दुकानदारानं दोन स्क्रीन शेजारी शेजारी लावून दाखवल्या. दोन्ही सत्तावीस इंची — आमच्या जुन्यापुढे म्हणजे घराची खिडकीच. पहिलीवर कुठूनही पाहा, रंग तोच. पण पळती गाडी मागे पुसट शेपूट सोडायची. दुसरीवर गाडी अशी सुटायची की माझा पाय आपोआप ब्रेक शोधू लागला. फक्त उभं राहून पाहिलं, बाजूला सरकलं, की रंग उडायचे. लालाचा गुलाबी, गुलाबीचा पांढरट.

दुकानदार म्हणाला, "काका, पत्रिकेचं काम ना? मग पहिलीच घ्या. दुसरी पोट्ट्यायच्या खेळाची आहे."

सलीमभाई म्हणाले, "मले त्यातलं काही कयत नाही, राजू. कुंकू कुंकवासारखं दिसलं पायजे, बस." आणि पान लावायला बाहेर गेले.

तेवढ्यात मी दुसरी बांधायला सांगितली.

ते आले, खोक्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "कुंकू बरोबर दिसते ना रे?"

"एकदम," मी म्हणालो. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. अजून ती नजर आठवते — पण त्या नजरेचं काय घेऊन बसलो? त्याला काय भोगायचं होतं?

त्या वर्षांत कापसानं सगळ्यांचाच हिरमोड केला होता. लोक लग्नातून एकेक गोष्ट वगळत होते — आधी बँड गेला, मग मांडव अर्धा झाला. पत्रिका मात्र टिकून होती. बाळापूरचे वसंतराव तर मुलीच्या पत्रिकेसाठी दुकानात तासभर बसले. "बाकी काही नसन भाऊ, पण पत्रिका पाहून लोकायनं म्हटलं पायजे, लगन आहे."

नव्या स्क्रीनवरचं ते पहिलंच काम. सलीमभाई नेहमीसारखे डावीकडे उभे राहिले. तिथून त्यांना कुंकू फिकट दिसत होतं. "गडद कर. अजून. अजून कर रे, हे तर सरबत दिसून राहिलं."

मी खुर्चीत, अगदी समोर. मला दिसत होतं. लाल गेला, तपकिरी आला, तपकिरीही गेला. "जरा वाकून पाहा" — एवढंच म्हणायचं होतं. पण मग त्यांनी विचारलं असतं ना, उभं राहून का नाही दिसत? घेताना पाहिलं नाही का? मी गडद करत गेलो.

पत्रिका आल्या त्या काळ्या. गणपती काळा, कलश काळा, वधूवरांची नावं काळ्यावर सोनेरी. वसंतरावांच्या म्हाताऱ्या आईनं एक हातात घेतली आणि विचारलं, "लग्नाची होय, का तेरवीची?"

नव्या छापून दिल्या आम्ही. त्या द्यायला बाळापूरला सलीमभाई स्वतः आले. ओसरीत, दहा माणसांसमोर हात जोडून म्हणाले, "माफ करा. माहे डोये गेले." मी शेजारी पिशवी धरून उभा होतो. पिशवी जड नव्हती. तरी दोन्ही हातांनी धरली होती.

नंतर ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. त्यानं सांगितलं, डोळे उत्तम. सलीमभाईंचा विश्वास बसला नाही. "पोट्टा आहे तो, त्याले काय कयते?" दुसऱ्याकडे गेले, तोही तेच म्हणाला. मग नंबर नसलेला चष्मा करून घेतला — असू द्या म्हणाले, आधाराला. रंग पाहणं सोडलं. मोटरसायकल विकली, सिग्नलचा भरवसा नाही म्हणून. अकोल्यात सिग्नल कोण पाहतो, सांगा! पण ते पाहायचे. आता गल्ल्यावर बसून पत्रिका पाकिटात घालतात. केळी घेतानासुद्धा विक्रेत्याला विचारतात, पिकली का.

आणि मी? गुपचूप पहिलीसारखी स्क्रीन आणली, ती खेळाची घरी नेली. बायकोला सांगितलं, बिघडलेली आहे.

मागच्या महिन्यात त्यांच्या धाकट्या मुलीच्या निकाहची पत्रिका केली. "रंग तूच पाय, राजू," ते म्हणाले, "माह्या डोयावर आता भरवसा नाही." मी हिरवा घेतला. छापून आल्यावर पत्रिका घेऊन ते दुकानाबाहेर उन्हात गेले, चष्मा वर केला, खाली केला, बराच वेळ पाहत राहिले. मग आत येऊन हळूच विचारलं, "मले हिरवी दिसून राहिली. हिरवीच आहे ना रे?"

मी म्हणालो, "हो सलीमभाई, हिरवीच आहे."