म्हातारबाच्या रायफलचा पट्टा

म्हातारबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी घोडेगावच्या बाजारात एका खोंडाच्या मानेचं माप घेत होतो. हात गुंतलेले, म्हणून खोंडाच्या मालकानेच माझ्या खिशातला मोबाईल काढून कानाला लावला. साळूवहिनींचा आवाज होता. "भावजी, ह्ये गेलं." एवढंच. दुपारी ओट्यावर बसले होते, पाणी मागितलं, आणि पाणी आणेपर्यंत संपलं होतं. मी मापाची दोरी गुंडाळली आणि, सांगायला लाज वाटते, खोंडाचं माप आधी नीट टिपून घेतलं, मग उठलो. हातांना सवय. चाळीस वर्षं बैलांचे पट्टे, म्होरक्या, घुंगरमाळा करतोय. बाजारात सगळे मला नामदेव पट्टेवाला म्हणून ओळखतात. मला नाम्या म्हणणारा एकच माणूस उरला होता, तोही गेला.

त्याचं खरं नाव म्हातारदेव. आमच्याकडे हे नाव पाळण्यातल्या पोरालाही ठेवतात, त्यामुळे शाळेत गुरुजींनी हजेरी घेताना हसायला दरवेळी कोणीतरी नवा असायचाच. तो फौजेत गेला, हवालदार होऊन परत आला. येताना उजव्या खांद्याचं हाड मोडून, वाकडं सांधून आणलं होतं. गाडी उलटली होती म्हणे, त्याहून जास्त कधी बोलला नाही. घरी वडिलांच्या वेळची शिकारी रायफल होती. शिकारी कधीच बंद झाल्या, पण परवाना याच्या नावावर झाला आणि रायफल कपाटात राहिली. जुन्या घडणीची, जाड नळीची, वर दुर्बीण बसवलेली. मी एकदा उचलून पाहिली आणि लगेच खाली ठेवली. म्हटलं, हे हत्यार आहे का नांगराचा फाळ.

आठ वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या उसात एक बिबट्या माणसांना धरायला लागला. पिंजरे लावून झाले, त्यांत दोन शेळ्या गेल्या, बिबट्या काही अडकला नाही. शेवटी गोळी घालायचा आदेश निघाला आणि वनखात्याची माणसं म्हातारबाला बोलावू लागली, कारण नेम त्याचाच होता. काम म्हणजे दिवसभर चालणं. बांधाबांधाने, सरीसरीने, कुठे वाकून तर कुठे बसून. रायफलला फौजेतला निवारीचा, जाड विणीचा पट्टा होता, दोन बोटं रुंद, तो बरोबर त्या मोडलेल्या हाडावर बसायचा. तिसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात आला आणि सदरा खाली ओढून खांदा दाखवला. लालबुंद, सुजलेला.

"नाम्या, बैलाचा खांदा येतो तसा माजा आलाय. काय तरी कर."

मी म्हटलं, "मग पोळ्यापर्यंत थांब. बैलांबरोबर तुझीबी खांदेमळणी करू, हळद-तूप लावून."

पण मनातून मी खूश झालो होतो. बंदुकीचं काम मी जन्मात केलं नव्हतं, पण ओझं म्हणजे काय ते मला कळतं, आणि कुठल्या हाडावर ते टाकायचं नसतं तेही. आधी नायलॉनचा पट्टा लावून पाहिला, तो घसरायचा. साधं चामडं घामाने कडक व्हायचं. मग मी चार बोटं रुंदीचा, दुहेरी चामड्याचा पट्टा शिवला, आत लोकरीचा नमदा भरला आणि भार डाव्या खांद्यावर आणून रायफल पाठीवर तिरपी बसवली. तरी वाकलं की दस्ता हलायचा, नळी पाचटात अडकायची. म्हणून टांग्याच्या घोड्याला तंग आवळतात तशी छातीवरून एक आडवी पट्टी दिली, पुढे बक्कल. आता हलायची काय बिशाद. रायफल बाजारात कशी आणणार, म्हणून एक पहार गोणपाटात गुंडाळून पाठीला बांधली आणि म्हातारबाला वेशीपर्यंत चालवत नेलं. लोक दारातून बघत होते. "हवालदार, पेरणीला का?" कोणी विचारलं. तो वाकला, बसला, उठला, ओढ्यातून गेला, पट्टा भिजवून पुन्हा चालला. तीन खेपा झाल्या.

"पाठीवर काय हाय त्येच इसरून गेलो रे," तो म्हणाला.

त्याहून मोठं कौतुक मला आजवर मिळालेलं नाही. पहार पाठीला बांधलेलीच ठेवून तो घरी जेवायला गेला.

नवा पट्टा लावल्यावर पाचव्या की सहाव्या दिवशी ते झालं. सकाळचे नऊ वाजले असतील. पुढे वनखात्याचा मजूर पोपट, मागे म्हातारबा, बाकीची माणसं बांधाच्या वळणापलीकडे. पोपट माझ्या ओळखीचा होता, बाजारात चहाला थांबायचा. बिबट्या बाजूच्या उसातून आला आणि थेट त्याच्या मानेवर. वळणापलीकडच्यांनी ओरडणं ऐकलं, मग काहीच नाही, मग गोळीचा आवाज. मधे सावकाश दहा आकडे मोजून झाले असते, असं त्यांच्यातल्या एकाने पुढे सगळीकडे सांगितलं. गोळी बरोबर लागली, बिबट्या तिथेच पडला. पण पोपट त्याच्या आधी संपला होता.

वनखात्याच्या साहेबांनी चौकशीत विचारलं, हवालदार, तुम्ही दहा पावलांवर होता, मग इतका उशीर का? म्हातारबाने सांगितलं, "भ्यालो साहेब. हात गोठलं माजं."

झालं... खेडेगावात माणसाचं पहिलं नाव पुसायला एक वाक्य पुरतं. त्याला भित्रा हवालदार म्हणायला लागले. पोपटचा भाऊ त्याच्या दारात येऊन थुंकला. म्हातारबाने रायफल चौकीत जमा केली आणि पुन्हा कधी आणली नाही. ध्वजवंदनाला त्याला पुढच्या रांगेत बोलवायचे, ते बंद झालं. आणि मी? जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या तर कधीच नव्हतं. एकदा दुकानात चार गिऱ्हाईकांसमोर मी त्याला म्हणालो, "एवढी वर्षं फौजेत काय भाकऱ्या थापत होतास का? एवढा चांगला पट्टा करून दिला, आणि तू नुसता उभा राहिलास." त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मग म्हणाला, "चहा सांग." मी सांगितला. आम्ही प्यालो. ते वाक्य मी आठ वर्षं विसरून गेलो होतो, आता ते मला जेवू देत नाही.

त्यानंतर त्याला एक वेड लागलं, निदान मला ते वेड वाटलं. माझ्या पट्ट्याची ख्याती झाली होती, बँकेचे बंदूकवाले, कारखान्याचे पहारेकरी माझ्याकडे येऊ लागले होते. म्हातारबा येऊन सांगून गेला की छातीवरच्या पट्टीला बक्कल नको, खटका लाव. एका हाताने ओढला की सगळा पट्टा सुटला पायजे. मी म्हटलं, चालताना सुटला तर? "तर सुटू दे," म्हणाला. मी कटकट नको म्हणून खटके लावले. मग दर शुक्रवारी बाजाराच्या दिवशी तो यायचा, दाराजवळच्या फळीवर बसायचा आणि तयार झालेला एकेक पट्टा अंगावर चढवून खटका ओढायचा. पट्टा मांडीवर पडला की म्हणायचा, "सुटला." मग पुढचा. एखादा अडकला तर तो माझ्यासमोर टाकायचा. मी गिऱ्हाईकांना डोळा मारून सांगायचो, हवालदाराच्या डोक्यावर परिणाम झालाय. तो ते ऐकायचा.

तेराव्याला जेवणं आटोपल्यावर साळूवहिनींनी मला आत बोलावलं आणि जुन्या धोतरात बांधलेलं गाठोडं हातात दिलं. "ह्यांनी सांगितलं हुतं, मी असंतवर नाम्याला दाखवू नको." मी सोडलं. माझाच पट्टा. खांद्याशी, जिथे तो सगळ्यात जाड होता तिथे, तोडलेला.

चामड्यावरचे घाव मला वाचता येतात. पहिला घाव वरवरचा, घाईतला. दुसरा खोल, पण नमद्यात अडकलेला. तिसरा पार. मी तो दुहेरी शिवला होता, मेण लावलेल्या दोऱ्याने, दोन-दोन ओळी, कशानेही तुटू नये म्हणून... छातीवरची पट्टी तशीच आवळलेली, बक्कलाची जीभ तेव्हा भिजून आवळलेल्या भोकात रुतून बसलेली. म्हणजे त्याने आधी बक्कल सोडवायला पाहिलं असणार, ते निघालं नाही. मग चाकू काढला. तो दहा पावलांवर पोपटचं मरण बघत माझी शिवण कापत होता.

"गोळी घातल्यावर मानसं यायच्या आत त्येंनी पट्टा कोटात दडवला," वहिनी म्हणाल्या. "मी म्हनलं, खरं का सांगत न्हाई? तर म्हनले, नाम्याच्या दुकानाला काडी लावतील लोकं. त्यो बैलाचा मानूस, बंदुकीचं त्याला काय ठावं. चूक माजी हाय. चालून पाह्यलं, वाकून पाह्यलं, पन उतरवून न्हाई पाह्यलं."

खरं आहे ते. बैलाचं ओझं सावकाश उतरवायचं असतं, मालक उतरवतो. ओझं पटकन टाकावं लागतं हे माझ्या धंद्यात कधी आलंच नाही. मी खांद्याचा विचार केला, हाताचा केला नाही. पण चूक त्याची नव्हती, पट्टा माझा होता. भ्यालो, असं त्याने सांगितलं, ते खोटं होतं. वाचणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, यासाठीच हे लिहितोय. पोपटच्या भावाकडे मी स्वतः जाऊन सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि दार लावलं. त्याला दोष देत नाही.

तोडलेला पट्टा मी दुकानात फळीच्या वर खिळ्याला टांगलाय. कोणी विचारलं, हा कोणाचा, तर सांगतो, माझा.

परवा शुक्रवारी बँकेच्या बंदूकवाल्याचा पट्टा तयार झाला. बाजार भरला होता, फळी रिकामी होती. मीच तिथे बसलो, पट्टा अंगावर चढवला आणि खटका ओढला. पट्टा मांडीवर पडला. मग मी स्वतःच म्हणालो, सुटला.