गणपतचा सूर आणि देवाचा नगारा

पीटर वारला असं मुंबईच्या पेपरात आलं आणि आमच्या भिसेगावात ते कुणाला कळलंच नाही. पीटर म्हणजे माझा आतेभाऊ गणपत. हॉटेलात सॅक्सोफोन वाजवायचा. गणपत नावाच्या माणसाचा जॅझ ऐकायला साहेब लोक यायचे नाहीत, म्हणून हॉटेलवाल्यांनी त्याचं नवं बारसं केलं. "नाव त्यांचं, फुंकर माझी," म्हणून तो हसायचा. मला कधी हसू आलं नाही.

त्याचे वडील कर्जत स्टेशनात खलाशी; घाट चढणाऱ्या गाडीला मागून इंजिन जोडायचे. पुढच्या इंजिनानं शिट्टी दिली की मागचं जरा थांबून जबाब देतं. गणपतचं वाजवणं तसंच. सारा बँड पुढे निघून जायचा, हा थांबायचा... आता चुकलाच असं वाटेपर्यंत थांबायचा, आणि मग असा सूर लावायचा की बाकीचेच घाईत होते असं वाटावं. मुंबईनं त्याला डोक्यावर घेतलं. त्याला मात्र एकदा आईला ऐकवायचं होतं. आत्याला दिसत नव्हतं, ती गाव सोडत नसे. म्हणून देवळाच्या उत्सवात तो वाद्य घेऊन आला.

वाजवण्याआधी तो वाद्याच्या तोंडाशी बसवायची वेताची पत्ती तोंडात धरून भिजवायचा, तेव्हा बोलत नसे. गावचे पंच अण्णा आले, वाद्याची एक चावी उचलून तिच्या खालच्या गादीकडे डोकावले. "आरं, ह्याला तर कातडं हाय! देवाम्होरं नाय चालायचं."

"मग नगारा काय भोपळ्याचा हाय?" मी ओरडलो.

"त्यो देवाचा हाय."

गणपतनं नगाऱ्याकडे पाहिलं. पत्ती तोंडातून काढून पुसली, पेटी बंद केली आणि स्टेशनची वाट धरली. गलका चालूच होता. आत्या पुढच्या सतरंजीवर नवं लुगडं नेसून बसलेली. मी तिला उठवायला गेलो, तर माझा हात झटकून म्हणाली, "थांब रं. त्यो उशिरानंच वाजवतो, तूच म्हनला हुतास ना?"

तिला काय सांगितलं ते आता आठवत नाही. खोटंच काहीतरी. त्याला न ऐकताच पुढे ती वारली. तो पुन्हा गावात आला नाही.

गेल्या आठवड्यात त्याच देवळात शोकसभा झाली. पीटर म्हणजे कोण, ते एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. अण्णा दर वाक्याला 'आमचा गणपत' म्हणत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुंबईहून आणलेला सॅक्सोफोन देवासमोर, नगाऱ्याला लागून ठेवला होता. पत्ती तोंडाशी बसवलेलीच होती, पार सुकलेली. अण्णांनी स्वतःच्या हातानं त्याला हार घातला.

कातडं तेच होतं. आता ते वाजणार नव्हतं, म्हणून चाललं.