आईचं बोलणं कंपनीच्या दारात

"ता पान कंपनीचा. तुझा काय होता गो थंय?"

देवळासमोरच्या बैठकीत, सगळ्यांदेखत, मानकऱ्याने मला विचारलं. लोक हसले. आमच्या वाडीची माणसं पायरीखाली उभी होती. आम्हाला वर बसायला कुणी सांगत नाही. मीही खालीच उभी. पुण्यातल्या ऑफिससाठी घरून सॉफ्टवेअर लिहिणारी, शिकलेली. तरी खालीच.

सहा वर्षं मी वाडीचं पान, म्हणजे फोनवरचं पेज, चालवत होते. त्या मोठ्या, फुकटच्या, सगळ्या गावाच्या फोनवर असलेल्या ठिकाणी. तिथे आईचा व्हिडिओ टाकला. शाळेत तिला, आमच्या जातीची म्हणून, माठाला हात लावू देत नसत. तहान लागली की ओंजळ धरायची, मास्तर वरून पाणी ओतणार. अंगावर सांडलं की पोरं हसणार. एवढंच आई बोलली. मास्तरांचं नावही घेतलं नाही.

मानकऱ्याच्या पुतण्याने गावच्या ग्रुपवर सांगितलं, सगळ्यांनी तक्रार करा. केली. जातीचं नाव आलं म्हणून आम्हीच द्वेष पसरवतो, असं कंपनीच्या यंत्राने ठरवलं. पान गेलं. फोटो, लग्नं, गेलेल्या माणसांचे आवाज, सगळं. मी दाद मागितली. तीन ओळींचं उत्तर आलं. खाली कुणा माणसाचं नाव नाही. मग मी बैठकीत जाब विचारला, तेव्हा मानकऱ्याने ते उलट विचारलं.

मला ते यंत्र माहीत होतं. तक्रारी वाढल्या की मजकूर आपोआप झाकायचा, असा कोड मी स्वतः लिहिलाय. दुसऱ्या कंपनीसाठी. पगार घेऊन. तेव्हा पलीकडे कोण असेल, हे मनात आलं नाही. याची चीड मला मानकऱ्यापेक्षा जास्त आली.

पुण्याचा सहकारी म्हणाला, दुसरं पान उघड, लोक तिथेच असतात. तालुक्याच्या बातम्यांचं पान चालवणारा म्हणाला, माझ्याकडे दे, फक्त जात काढ. जात काढली तर उरतं काय? तहान लागलेली एक मुलगी. ती कुणाचीही असू शकते.

मी जुना कॉम्प्युटर घरातच लावला. स्वतःचा सर्व्हर, वाडीचं पान आता त्याच्यावर. वीज गेली की बंद, नेट गेलं की बंद. पहिल्या महिन्यात पानावर वाडीतलीच माणसं आली. तीही थोडी.

आईला म्हटलं, परत बोलशील? ती म्हणाली,

"एकदा सांगलंय. तू ता लोकांच्या दारात ठेवलंस. आता घरात ठेवतलंस, तर नाव घेवन सांगतलंय."

आणि तिने नाव घेतलं. मास्तर म्हणजे मानकऱ्याचा बाप.

व्हिडिओ लावल्यावर चार दिवसांनी मानकरी आमच्या खळ्यात, घरासमोरच्या अंगणात, आला. जन्मात पहिल्यांदा. आता ऑफिसातलं मराठी बोलत होता.

"ते काढून टाक. नाहीतर तक्रार कुठे करायची ते सांग."

"माझ्याकडे करा," मी म्हटलं. "लिहून द्या. आईच्या व्हिडिओखाली तीही लावते."

तो गेला. उद्या वायर तोडतील, पोलिसात जातील. जाऊ देत. सर्व्हर बंद पडेल, मी चालू करीन. जाळतील, दुसरा लावीन. आईच्या तोंडचा एक शब्द मी काढणार नाही. आणि माणसांना झाकणारा कोड आता कुणासाठीच लिहिणार नाही.